पाचव्या ओळीचा दम

गॅसच्या नंबरसाठी फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "बोला सर." मी म्हटलं, मी सर नाही, बाई आहे. "सॉरी सर," ती म्हणाली. वाद घालायला दम लागतो, म्हणून मी फोन आमच्या यांच्या हातात दिला. त्यांनी घसा खाकरून पत्ता सांगितला. स्पीकर चालू होता. मुलगी म्हणाली, "ओके मॅडम, उद्या सिलेंडर येईल." यांना ते ऐकू आलं नाही. मीही सांगितलं नाही.

वय झालं की असंच होतं. बाईचा आवाज जड होऊन खाली उतरतो, पुरुषाचा पातळ होऊन वर चढतो. पन्नास वर्षांच्या संसारात आमचं फारसं कशावर एकमत झालं नाही, पण आवाजापुरते आम्ही आता जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन भेटलो आहोत. हे एमआयडीसीत रोलिंग मिलला होते. तिथल्या धडधडीत तीस वर्षं काढून त्यांचे कान गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, माझा घसा गेला. त्यांना ऐकू येत नाही आणि मला बोलवत नाही. तरी घर चाललंय, कारण बोलण्यासारखं बरंचसं बोलून झालेलं आहे.

बोलणं हे काम आहे, हे मला पासष्टी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. श्वास घेतला काय, शब्द बाहेर पडला काय, त्यात माझं काही खर्च होतं असं कधी वाटलंच नाही. आता भाजीचा गाडा गल्लीतून जायला लागला की मी आधी श्वास घेते, मग हाक मारते, तोवर गाडा कोपऱ्यावर वळलेला असतो. म्हणून जो भाजीवाला आपण होऊन दारात थांबतो त्याच्याकडची भाजी आम्ही खातो, मग ती कशी का असेना. संध्याकाळी वाक्यं छोटी होतात. "जेवायला वाढलंय, गार व्हायच्या आत या" हे सकाळी म्हणता येतं. संध्याकाळी नुसतं "या."

शाळेत मात्र मी आवाजावरच जगले. पहिली नोकरी घनसावंगीकडच्या एका खेड्यात होती. चार वर्ग, खोल्या दोन, आणि मास्तर-बाई मिळून आम्ही दोघं. एका वर्गाला गणित घालून दुसऱ्याला पाढे म्हणवून घ्यायचे. शाळा रस्त्याला लागून होती. एसटीचा ड्रायव्हर फाट्यावर गाडी उभी करून म्हणायचा, बाईंचा सतराचा पाढा चाललाय, म्हणजे आपण बराबर टायमावर आहोत. मला त्याचा फार अभिमान होता. मी छडी कधी वापरली नाही. लागलीच नाही.

जालन्यात घर केल्यावर आमच्या वस्तीतल्या विहारात मी रविवारची वंदना द्यायला लागले, त्याचं कारणही हा आवाजच. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वंदना देणारा पुढं बसतो. तो एक ओळ म्हणतो, बाकीचे तीच ओळ मागं म्हणतात. तीन शरणं, पाच शीलं, मग पुढचं सगळं. भाषा पाली. ओळी तर सगळ्यांना लहानपणापासून पाठ असतात, पण पाठ आहे म्हणून कुणी पुढं पळायचं नाही. सांगणाऱ्यानं जसं सांगितलं तसं म्हणायचं, हा नियम. लग्न असो, नामकरण असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, वस्ती आधी हात जोडते आणि पुढच्याच्या आवाजाची वाट बघते.

माझ्या आधी एक म्हातारे वंदना द्यायचे. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत आयुष्य गेलेलं, छाती भरलेली. प्रत्येक ओळीच्या शेवटी ते आवाज लांबवायचे, ओढत न्यायचे, कारण मध्येच सोडला तर खोकला यायचा. वस्तीही ओढायची. लहान लेकरंसुद्धा म्हाताऱ्यासारखी ओढून म्हणायची. एका रविवारी त्यांनी दोन ओळी सांगितल्या, थांबले, आणि माझ्याकडं बोट दाखवलं. विचारलं वगैरे काही नाही. मी उठून पुढं बसले.

मी बाई. मला ते ओढणं सहन होईना. ओळ जिथं संपते तिथं संपली पाहिजे. मी प्रत्येक ओळ वडी पाडल्यासारखी सरळ कापली, आणि दोन महिन्यांत सगळी वस्ती सरळ म्हणायला लागली. म्हातारे मागं भिंतीला टेकून बसायचे. सगळ्यांची ओळ संपली तरी त्यांची एकट्याची चालूच असायची. मला तेव्हा वाटायचं, एवढं वय झालं, आता तरी शिकावं माणसानं. ते असेपर्यंत हे असंच चाललं. मग ते गेले.

पाच शीलांमध्ये पाचवं सगळ्यात लांब आहे. दारू आणि नशा यांच्यापासून दूर राहण्याचं. त्यात सुरुवातीलाच एक लांबलचक शब्द येतो आणि त्याच्या पुढं तीन शब्द, आणि हे सगळं एका दमात म्हणायचं. चांगल्या दिवसांत ते म्हणून झाल्यावरही माझ्याकडं श्वास उरायचा. तीन वर्षांपूर्वी मला मोठा खोकला झाला, महिनाभर टिकला. तेव्हापासून त्या लांब शब्दाच्या मधोमध माझा दम संपायला लागला. म्हणजे मला तरी तेव्हापासून असं वाटत होतं. मी अर्धं म्हणायची, थांबायची. वस्ती अर्धं म्हणायची, थांबायची. मग मी उरलेलं म्हणायची, वस्ती उरलेलं म्हणायची. कुणी हसलं नाही, कुणी नजर उचलली नाही. फक्त एकदा विहाराबाहेर चपला घालताना गल्लीतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "दारूचं शील आलं की बाईंचाच दम सुटतो, तिथं आपली काय कथा." मी ऐकलं. मला हसू आलं आणि रागही आला. पण दोन्हीसाठी श्वास लागतो, म्हणून चप्पल घालून घरी आले.

मागच्या वर्षी नातीचं लग्न ठरलं.

ही माझ्या मुलाची मुलगी. मुलगा आणि सून पुण्याकडं कारखान्यात, दोघांची पाळी वेगवेगळी, म्हणून पोरगी सात वर्षांची असताना आमच्याकडं आली आणि राहिली. आता ती नव्या जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत उगवण तपासायचं काम करते. शंभर दाणे ओल्या कागदात ठेवायचे आणि किती उगवले ते बघायचं. दर रविवारी ती माझ्या डाव्या हाताला बसून वंदना म्हणत आली. लहानपणी एकदा दुसऱ्या गल्लीतलं लग्न बघून आल्यावर तिनं मला विचारलं होतं, माझ्या लग्नात वंदना कोण देणार? मी म्हटलं, मी. असली आश्वासनं पोरं विसरतात असा मोठ्यांचा समज असतो.

नवऱ्या मुलाकडचे परतूरचे. चांगली माणसं, दोन शिक्षक, एक नर्स. बैठकीत व्याही अगदी आदरानं म्हणाले, "आमच्याकडं बौद्धाचार्य आहेत, आवाज लई दमदार. सगळा विधी तेच करतील. बाईंना ह्या वयात कशाला तरास?" बोलण्यात वावगं काही नव्हतं. पण मला ते लागलं. मी उत्तर द्यायला श्वास घेतला तेवढ्यात नात चहाचा ट्रे खाली ठेवत म्हणाली, "विधी तुमचे करू द्या. वंदना आज्जी देईल. ते ठरलेलं आहे." ठरलेलं कधी, असं कुणी विचारलं नाही. हे माझ्या कानाशी येऊन, मिलमध्ये बोलायचे तसं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "पाचव्याचं काय करशीन?"

तेच मी रात्रंदिवस स्वतःला विचारत होते. आपल्या वस्तीत थांबणं वेगळं. तिथं सगळे घरचे. पण परतूरच्या दीडशे माणसांपुढं ओळीच्या मधे दम तुटला, तर ते काही बोलणार नाहीत, नुसते एकमेकांकडं बघतील, आणि माझी नात त्यांच्या घरात जाईल ती "त्या म्हाताऱ्या बाईंची नात" म्हणून. मला पाचवी ओळ एका दमात म्हणायची होती. त्या लग्नात मला दुसरं काही नको होतं.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एक घशाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं गेले. त्यांनी नाकातून बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर माझा घसा मला दाखवला. बहात्तर वर्षं वापरलेली वस्तू मी पहिल्यांदा बघत होते. दोन पांढुरक्या पट्ट्या. "आ म्हणा," डॉक्टर म्हणाले. मी आ म्हटलं. पट्ट्या जवळ आल्या, पण मिटल्या नाहीत. मधे फट राहिली, पावसात फुगून मग वाळलेल्या दाराला राहते तशी.

"हा आजार न्हाई, बाई," ते म्हणाले. "वय आहे. पट्ट्या बारीक झाल्यात. मधून हवा निसटू राह्यली. तुम्ही श्वास घेता तेवढाच, पण अर्धा वायाच जातो. त्यात छातीचा भाताही आता पहिल्यासारखा फुगत न्हाई."

"म्हणून दमते?"

"म्हणून दमता. एका शब्दाला दोन शब्दांची मेहनत."

मला त्यांचं सांगणं आवडलं. विद्यार्थी चांगला असता. मी विचारलं, एक लांब ओळ एका दमात म्हणता येईल का? त्यांनी विचारलं, किती लांब? मी म्हणून दाखवायला गेले आणि नेहमीच्याच ठिकाणी तुटले. ते त्यांनी शांतपणे बघितलं. मग त्यांनी सांगितलं ते असं: अर्धा ग्लास पाणी घ्यायचं, त्यात स्ट्रॉ बुडवायची, आणि तिच्यातून फुंकत गुणगुणायचं, बुडबुडे निघाले पाहिजेत. दिवसातून चार वेळा. घोट घोट पाणी. ओरडायचं नाही. आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजण्यानं घशाला जास्तच ताण पडतो. लग्नाच्या आधी आठवडाभर शक्यतो बोलायचंच नाही.

हात दाखवून अवलक्षण, असं वाटत मी घरी आले. पण बाई आहे, घरचा अभ्यास दिला की करते. रोज सकाळी गच्चीवर ग्लास घेऊन बसायचे आणि बुडबुडे काढायचे. शेजारची लेकरं गच्चीच्या कठड्यावरून बघायची. त्यांनी असं केलं की त्यांच्या आया धपाटा घालतात, आणि इथं बाई रोज करतात. बुडबुडे झाले की ओळ. पहिल्या आठवड्यात लांब शब्द पुरा झाला. दुसऱ्या आठवड्यात पुढचा एक शब्द. मी जिन्याच्या पायऱ्या मोजत ती म्हणायचे, कपडे वाळत घालताना म्हणायचे. एक दिवस चिमट्यांची पिशवी हातात असताना ओळ शेवटपर्यंत गेली. मी खाली येऊन यांना सांगितलं. ते म्हणाले, "हं, वाळले का कपडे?"

शेवटचा आठवडा मी बोलणंच बंद केलं. यांच्यासोबत त्यानं फारसा फरक पडला नाही. पण लग्नघरात गप्प बसलेली आजी म्हणजे काय, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं. आजी फुगली. पाहुणे यायला लागले, कुणी विचारायचं, "बाई, बरं हाय ना?" मी मान हलवायची. ते आत जाऊन सांगायचे, बाईंचं काहीतरी बिनसलंय. मानपानात कमी पडलं का, साडी आवडली नाही का, यावर स्वयंपाकघरात चर्चा सुरू झाली. सुनेनं दोनदा येऊन पाय धरले. मी हातानं 'काही नाही' अशी खूण केली, ती तिला 'जा इथून' अशी दिसली.

गोष्ट परतूरला पोचली. हळदीच्या दिवशी विहीणबाई स्वतः गाडी करून आल्या, हातात साडीचं पुडकं. माझ्या शेजारी बसल्या, हात हातात घेतला. "बाई, त्या दिवशी आमच्या यांनी बौद्धाचार्याचं बोलून दाखवलं, ते तुमच्या मनाला लागलं असंल. मी त्यांना घरी जाऊन लई बोलले." मी नाही-नाही अशी जोरात मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, माफीच नाकारली.

तेवढ्यात हे आले. एरवी यांना ऐकू येत नाही, पण एखादी बाई रडायच्या बेतात आहे हे कळायला कान लागत नाहीत. ते म्हणाले, "ती फुगलेली न्हाई हो. साठवू राह्यली."

"काय साठवू राह्यल्या?"

"दम," हे म्हणाले. "उद्यासाठी."

विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, या वेळी हो म्हणून. त्या हसायला लागल्या, मग मीही हसले, आवाज न करता. साडी त्यांनी ठेवूनच दिली. हिरवट काठाची पांढरी. तीच दुसऱ्या दिवशी नेसले.

मंगल कार्यालय बायपासच्या बाजूला होतं. स्टेजवर टेबल, टेबलावर प्रतिमा, मेणबत्त्या, अगरबत्ती, फुलं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. उजव्या हाताला परतूरचे, डाव्या हाताला आमची वस्ती, पहिल्या रांगेत आमच्या गल्लीतली अंगणवाडीवाली. ती नेहमीच पुढं असते. तिचा आवाज खणखणीत आहे आणि तिला ते माहीत आहे. माझ्यापुढं माइक आणून ठेवला. मला माइक आवडत नाही. तो आवाज मोठा करतो, दम मोठा करत नाही. उलट लागलेला दम सगळ्या हॉलला ऐकवतो. पण त्या हॉलचे पंखे चालू होते, त्यामुळं इलाज नव्हता.

मी सुरुवात केली. आवाज आठवडाभर झाकून ठेवलेला, बरा निघाला. जाड, पण सरळ. शरणं झाली. लोक मागं म्हणत होते, दोन्ही बाजू एकत्र, त्यांचं म्हणणं माझ्या छातीवर येऊन आपटत होतं, आणि तेवढ्या वेळात मी पुढचा श्वास घेत होते. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथ्याला मी मुद्दाम हळू घेतलं. मग मी थांबले, घोटभर पाणी प्यायले, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पोटापासून श्वास भरला आणि पाचवी ओळ सुरू केली.

लांब शब्द आला. त्याचा मध्य आला आणि गेला. शब्द पुरा झाला. पुढचे तीन शब्द एकामागून एक, शेवटचा जरा बारीक, पण पुरता. मी ओळ म्हणाले होते. एका दमात. मी परतूरच्या बाजूला बघितलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात शील वगैरे काही नव्हतं, नुसता गर्व होता.

मग लोकांनी ओळ मागं म्हटली. परतूरच्यांनी म्हटली ती सरळ, मी सांगितली तशी. आमच्या वस्तीनं लांब शब्द अर्धा म्हटला आणि थांबली. सगळी वस्ती. म्हातारे, बाया, लेकरं. लांब शब्दाच्या बरोबर मधोमध सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, आणि मग उरलेलं म्हटलं. उजवी बाजू संपून गप्प झाली होती, आणि डावी बाजू तिच्या मागून चालत येत होती. परतूरचे लोक मान वळवून बघायला लागले. स्टेजवर माझी नात हात जोडून उभी होती, आणि तीही थांबली होती. तिचे ओठ मी बघितले.

पुढचं सगळं नीट झालं. बौद्धाचार्यांनी विधी केला, त्यांचा आवाज खरोखरच चांगला होता, आणि फुलं पडली. मी खुर्चीवर बसले होते. लोक येऊन सांगत होते, बाई, काय म्हटली तुम्ही वंदना, या वयात. मी हात जोडत होते.

दुपारी नात वरच्या खोलीत साडी बदलायला आली तेव्हा मी तिथं पडले होते. ती शेजारी बसली. म्हणाली, "आज्जी, तू पाचव्याला चुकलीस."

"चुकले कुठं? एका दमात म्हटली."

"तेच ना. मध्ये थांबली न्हाईस. सगळे बिचारे तिथं थांबले, तू तर निघून गेल्ती पुढं."

मी म्हटलं, "तिथं थांबायचं नसतं. ती एक ओळ आहे. मला खोकला झाला तेव्हापासून दम पुरत नव्हता, म्हणून थांबत होते. तीन वर्षं झाली."

ती म्हणाली, "तीन वर्षं? आज्जी, तू पहिल्यापासून थांबतेस. मी तशीच शिकले. मला वाटायचं, ती ओळ तशीच असते."

मी म्हटलं, शक्य नाही. बाईला पुरावा लागतो. तिनं पर्समधून फोन काढला आणि बराच वेळ शोधून एक जुना व्हिडिओ लावला. मी निवृत्त झाले त्या वर्षी घरी वंदना ठेवली होती, मुलानं शूटिंग केलं होतं. चित्र हलत होतं. मी पुढं बसलेली, केस काळे, आणि आवाज असा की मला ओळखूच आला नाही. उंच, स्वच्छ, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. शेजारी ही, सहावीतली, दोन वेण्या. पाचवी ओळ आली. त्या स्वच्छ आवाजात मी लांब शब्द अर्धा म्हटला आणि थांबले. अगदी थोडं. श्वास घेतला. मग पुढचं. आणि सगळ्यांनी मागून तसंच म्हटलं.

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. तिनं तीनदा लावलं.

म्हणजे मी चौदा वर्षं म्हातारी होत होते आणि मला पत्ता नव्हता. असणार कसा? मी जसं म्हणायची तसं समोरून शंभर आवाजांत परत यायचं. माझी चूक मला दर रविवारी बरोबर होऊन ऐकू यायची. वर्गात मी पोरांना सांगायची, माझ्या मागं म्हणता म्हणता माझंच चुकलं तर हात वर करा. वंदनेत हात जोडलेले असतात. मला लाज वाटली. जिनिंगवाल्या म्हाताऱ्याची ओढ मी दोन महिन्यांत पुसली होती, आणि माझी धाप सगळ्या वस्तीला पाठ करायला दिली होती. संध्याकाळी हे यांना सांगितलं, एक-एक शब्द करून, दोनदा. ते म्हणाले, "गुरूची विद्या गुरूला." मग म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"तुम्हाला ऐकू येत नाही."

"तेव्हा येत व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुणाचं ऐकलंस कधी," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी विहारात गेले, पुढं बसले, एक शरण सांगितलं आणि अंगणवाडीवालीकडं बोट दाखवलं. तिनं स्वतःकडं बोट करून विचारलं, मी? मी मान हलवली. ती उठून पुढं आली आणि मी मागं भिंतीपाशी जाऊन बसले. घरी जाताना तिनं मला गाठलं. "बाई, पाचव्याला थांबू का सरळ म्हणू? लोकांना थांबायची सवय हाय."

मी म्हटलं, "सरळ म्हण. ओळ सरळच आहे."

ती हुशार आहे. पहिल्या रविवारी अर्धे लोक थांबले, अर्धे पुढं गेले, गोंधळ झाला. तिनं लक्ष दिलं नाही. ती दर वेळी तशीच सरळ म्हणत राहिली, पाठीवर वेणी सोडून, माझ्यासारखीच जरा जास्त मोठ्यानं. दीड महिन्यात वस्ती सरळ झाली. माझ्यापेक्षा पंधरा दिवस लवकर. लेकरं तर आता असं म्हणतात जसं काही पहिल्यापासून तसंच होतं.

माझे बुडबुडे बंद आहेत. साठवण्यासारखं आता काही नाही, म्हणून दम पुन्हा पूर्वीच्या जागी येऊन बसला आहे. मागं भिंतीला टेकून मी पाचवी ओळ म्हणते, मधोमध थांबते, श्वास घेते. तोवर सगळे संपवून गप्प झालेले असतात, आणि माझे शेवटचे तीन शब्द एकटेच ऐकू येतात. पुढच्या रांगेतली एखादी लहान मुलगी मान वळवून बघते. तिच्या मनात काय येत असेल ते मला माहीत आहे. एके काळी तेच माझ्याही मनात यायचं.

मागच्या रविवारी नात माहेरी आली होती. विहारात येऊन ती पुढं गेली नाही, माझ्या डाव्या हाताला भिंतीपाशी बसली. शरणं झाली, चार शीलं झाली. पाचवी ओळ आली. अंगणवाडीवालीनं सरळ सांगितली, सगळ्यांनी सरळ म्हटली. मी मधोमध थांबले. शेजारी नातही थांबली. पंचवीस वर्षांची पोरगी, छातीत श्वास भरपूर. सगळं विहार गप्प झालं तेव्हा आम्ही दोघींनी श्वास घेतला आणि उरलेलं म्हटलं.